हमाली नव्हे, संपादन

‘पाऊस थांबला आणि दऱ्यांमधून धुकं वर आलं.’

साधं वाक्य आहे. आता तेच पुन्हा वाचा.

‘पाऊस थांबला आणि दर्यांमधून धुकं वर आलं.’

दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा आणि दर्या म्हणजे समुद्र. पहिल्या वाक्यात आपण सह्याद्रीच्या कड्यावर उभे आहोत. दुसऱ्यात एकदम किनाऱ्यावर आलो, तेही एकाहून अधिक समुद्रांसमोर. लेखकाने काही बदललं नाही, संपादकानेही नाही. फाइल फक्त एका फॉन्टमधून दुसऱ्या व्यवस्थेत गेली, आणि जाता जाता ‘र’ आपली जागा सोडून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसला.

परीक्षण लिहायचं असलं की मी गेली काही वर्षं ई-आवृत्ती आणि छापील प्रत शेजारी ठेवून वाचते. छापील पानावर ‘वाऱ्यावर’, स्क्रीनवर ‘वार्यावर’. तिथे ‘तऱ्हा’, इथे ‘तर्हा’. तिथे ‘कुऱ्हाड’, इथे ‘कुर्हाड’. ‘टायपो आहे, चालतंय’ म्हणून पुढे जायची आपल्याला सवय आहे. पण हा टायपो नाही. टायपो माणसाच्या बोटातून होतो, एकदा इथे, एकदा तिथे. हा दोष पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखा असतो, कारण तो एका निर्णयातून आलेला असतो. जुन्या फॉन्टमधली अमुक खूण म्हणजे नव्या व्यवस्थेतलं तमुक अक्षर, असं कुणीतरी कुठेतरी ठरवलेलं असतं. असे शेकडो निर्णय मिळून एका पुस्तकाचं रूपांतर होतं. पाठाविषयी निर्णय घेण्याच्या कामाला मराठीत जुना शब्द आहे: संपादन. आपण मात्र त्याला हमाली समजतो. इकडचं पोतं उचललं, तिकडे टाकलं, झालं काम.

या गैरसमजाची किंमत मराठी साहित्य मोजतंय, आणि समीक्षेने त्याकडे लक्ष द्यायला हवं, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे.

नकळत झालेली सकळ लिपी

आज विशीत असलेल्यांना युनिकोडच्या आधीचं मराठी टायपिंग आठवायचं कारण नाही, म्हणून थोडं मागे जाऊ.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. भारतीय लिप्यांसाठी असा एक करार होता. त्याचं नाव इस्की, आणि भारतीय मानक ब्युरोने तो १९९१ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्याच १९८८ च्या आराखड्यावर बेतला होता. म्हणजे नियम हाताशी होता. पण डीटीपीच्या दुकानात पुस्तक लावणाऱ्याला नियम नको होता, त्याला कागदावर देखणं अक्षर हवं होतं. त्यासाठी एक सोपी युक्ती सापडली. इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांना हात लावायचा नाही. फक्त फॉन्टमध्ये त्या जागी असलेलं इंग्रजी अक्षराचं चित्र काढून देवनागरीचं चित्र बसवायचं.

कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप करायचा तर इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच या कळा दाबायच्या. स्क्रीनवर ‘मराठी’ दिसतं. फाइलमध्ये मात्र ती पाच इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात. फॉन्ट काढून घेतला की मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा. श्रीलिपीचा तक्ता वेगळा, आकृतीचा वेगळा, शिवाजी फॉन्टचा आणखी वेगळा. फाइल कोणत्या फॉन्टमध्ये आहे, ही एकच किल्ली. वर्ड किंवा पेजमेकरच्या फाइलमधला मजकूर कुणी उचलून नोटपॅडमध्ये टाकला की फॉन्टचं नाव गळतं, आणि किल्ली हरवते.

महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले होते. एका अक्षराच्या जागी दुसरी खूण, किल्ली पंथातल्यांकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाड्यांसारख्या अभ्यासकांनी ती किल्ली मिळवली, आणि मराठीतलं सर्वांत जुनं गद्य बाळबोधीत वाचता येऊ लागलं. महानुभावांनी कुलूप जाणूनबुजून लावलं होतं. आपण साधारण १९९० ते २०१० या काळात नकळत लावलं. नव्वदोत्तरी कवींनी कॉम्प्युटर, केबल टीव्ही, बाजार यांच्याविषयी लिहिलं. दिवाळी अंक निघाले, अनियतकालिकं निघाली, प्रबंध टाइप झाले. यातल्या बहुतेक मजकुराची पहिली डिजिटल प्रत अशाच कुठल्या तरी मुखवट्याखाली तयार झाली. युनिकोड तेव्हाही होतं. पण ज्या पेजमेकरवर ही पुस्तकं लागत होती, त्याला २००१ च्या शेवटच्या मोठ्या आवृत्तीतही देवनागरी युनिकोड पेलत नव्हतं. म्हणून छपाईचं जग बराच काळ मुखवट्यातच राहिलं.

दोनाचं एक झालं की

आता हा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा. बाहेरून पाहिलं तर काम यांत्रिक वाटतं: तक्ता घ्या, शोधा आणि बदला.

पण मुखवट्याचे फॉन्ट दिसण्याच्या क्रमाने चालतात आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमाने. ‘स्थिर’ लिहिताना जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडमध्ये वेलांटी येते जोडाक्षर संपल्यावर. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला ती वेलांटी उचलून अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. एकच अक्षर ओलांडलं तर वेलांटी अर्ध्या ‘स’ला लटकते आणि शब्द फुटतो. रफाराचं उलटं. ‘मूर्ती’मधला रफार दिसतो शेवटी, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये तो शेवटी टाइप होतो, उच्चारात तो ‘त’च्या आधी आहे, म्हणून त्याला मागे आणावं लागतं. काही फॉन्टमध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच खूण होती. तक्त्यात ती खूण नीट धरली नसेल तर ‘सर्वांना’चं ‘सर्वाना’ होतं.

हे दोष निदान दिसतात. फुटलेला शब्द ओरडून सांगतो की मी फुटलोय. खरा घात होतो तो ‘दऱ्या’सारख्या शब्दांत, कारण तिथे चुकीचा शब्दही धडधाकट शब्द असतो. आचाऱ्यांना जेवण बनवायला सांगायचं आणि आचार्यांना प्रवचन करायला. दोघांमधला फरक त्या पापणीसारख्या आडव्या ‘र’मध्ये आहे. हिंदीला हा ‘र’ लागत नाही, मराठीला लागतो. त्यामुळे हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या तक्त्यात त्याची सोय नसली तर नवल नाही.

युनिकोडमध्ये तरी सोय सरळ आहे का? आहे, पण दोन प्रकारे. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्यात साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य चिन्ह ठेवायचं. त्या चिन्हाला रुंदी नसते, आकार नसतो. ते फक्त सांगतं की इथे रफार करू नका. दोन्ही प्रकारांनी लिहिलेला ‘वाऱ्या’ डोळ्याला हुबेहूब सारखा दिसतो. पण त्या अदृश्य चिन्हाला वाली नसतो. मजकूर एका साइटवरून दुसऱ्या साइटवर नेताना, एखाद्या डेटाबेसमध्ये भरताना कुणीतरी ‘नको असलेली अदृश्य चिन्हं’ साफ करतं. साफसफाईत ते चिन्ह जातं, आणि पुढच्या क्षणी पुस्तकभर रफार उगवतात. म्हणजे युनिकोडमध्ये एकदा आलं की सुटलो, हेही खरं नाही. प्रत्येक नव्या घरात सामान हलवताना हाच प्रसंग पुन्हा येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द रूपांतरात ‘दर्या’ या एकाच रूपात आले, तर त्या नव्या फाइलवरून परत दोन करता येत नाहीत. कोणता समुद्र खरा आणि कोणता मूळचा डोंगर, हे फाइल सांगू शकत नाही. ते फक्त मूळ फाइल सांगू शकते. ती जपलेली असेल तर दुरुस्ती सोपी आहे; ‘आता युनिकोडमध्ये आहे ना’ म्हणून पुसून टाकली असेल तर वाचकाच्या तर्कावर भिस्त.

मोडी वाचणाऱ्यांना हे माहीत होतं

ही अडचण मराठीला नवी नाही. आपण विसरलोय, एवढंच.

मोडीतला कागद बाळबोधीत आणणं म्हणजेही एका साठवणीतून दुसरीत जाणं. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा पाळत नसत, आणि शब्द तोडूनही लिहीत नसत. बाळबोधीला दोन्ही हवं. मग मोडीतला एक शब्द बाळबोधीत ‘दिन’ लिहायचा की ‘दीन’? ‘सुत’ की ‘सूत’? एकात मुलगा आहे, दुसऱ्यात धागा. मूळ कागद उत्तर देत नाही. वाचणाऱ्याला ठरवावं लागतं. म्हणून चांगला मोडी वाचक शंका असेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह ठेवतो, फाटलेल्या जागी टिंबं देतो. आपण ठरवलं आहे, कागदाने सांगितलेलं नाही, हे तो पुढच्या वाचकापासून लपवत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती गोळा करून पाठ शुद्ध केला. तीनशे वर्षांत हातोहात नकलताना किती आणि काय बदलतं, याची त्यांना जाण होती. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली १९१९ मध्ये. ती पूर्ण झाली १९६६ मध्ये. हजाराहून जास्त हस्तलिखितं पाहिली गेली. त्या आवृत्तीच्या पानावर वर स्वीकारलेला पाठ असतो आणि खाली नाकारलेले पाठ. खालची बारीक टायपातली गर्दी म्हणजे संपादकांचा प्रामाणिकपणा. आम्ही हे निवडलं, हे सोडलं, तुम्हाला पटत नसेल तर हा घ्या पुरावा.

अशी परंपरा असलेल्या भाषेत आज ई-पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय असतं? प्रकाशन वर्ष, किंमत, आणि ‘सर्व हक्क राखीव’. हा पाठ कोणत्या छापील आवृत्तीवरून घेतला, कोणत्या फॉन्टमधून आला, कुणी तपासला, यातलं काहीही सहसा नसतं. नकलून घेणारा निदान स्वतःचं नाव आणि शक शेवटी लिहून ठेवायचा.

शुद्ध करण्याची हौस

फॉन्टच्या तक्त्याचा दोष निदान अजाणता होतो. दुसरा प्रकार हौसेचा आहे.

१९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम आले आणि उच्चारात नसलेले बहुतेक अनुस्वार लेखनातून गेले. त्याआधीच्या पुस्तकात ‘घरांत’ म्हणजे बऱ्याचदा आपलं ‘घरात’; घर एकच. आजच्या वाचकाला ‘घरांत’ म्हणजे अनेक घरं. आता १९४० चं एखादं पुस्तक डिजिटल करताना काय करायचं? जसंच्या तसं ठेवलं तर आजचा वाचक एका घराची चार घरं करेल. बदललं तर एका काळाचं लेखन पुसलं जाईल. दोन्ही मार्गांना कारणं आहेत. माझा कल जसंच्या तसं ठेवून सुरुवातीला एक टीप देण्याकडे आहे, पण बदलणाऱ्यालाही मी वेडा म्हणणार नाही. न सांगता बदलणाऱ्याला मात्र नक्की विचारेन.

त्यातही ‘शोधा आणि बदला’चा मोह वाईट. सगळ्या ‘ांत’चं एका फटक्यात ‘ात’ केलं की ‘घरांत’चं ‘घरात’ होतं खरं. पण ‘शांत’चं ‘शात’ होतं, ‘प्रांत’चं ‘प्रात’, ‘वृत्तांत’चं ‘वृत्तात’. ‘चार लोकांत’ बोललेली गोष्ट ‘चार लोकात’ येऊन पडते. अनुस्वार म्हणजे कचरा नव्हे. जुन्या मराठीत तो लिंग, विभक्ती, कधी कधी गेलेल्या नासिक्य उच्चाराची आठवण वाहून आणतो. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला ‘केलें’ आणि ‘केले’ यांतल्या टिंबातून माहिती मिळते. मजकूर हलवताना ते टिंब झटकून टाकलं तर ती माहितीही धुळीबरोबर गेली.

गाजावाजा न करता

डिजिटल नाशाचं एक प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधलं आहे. १०८६ साली तिथल्या राजाने जमीनजुमल्याची मोजदाद करून ‘डोम्सडे बुक’ लिहवून घेतलं. त्याला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवं डोम्सडे केलं. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यात आपापल्या गावाची माहिती दिली. ती साठवली लेझर डिस्कवर, खास कॉम्प्युटर आणि खास प्लेअरवर चालणाऱ्या. पंधरा वर्षांत ती यंत्रं दुर्मीळ झाली. चामड्यावर लिहिलेलं नऊशे वर्षांपूर्वीचं बुक वाचता येत होतं, आणि नव्याची डिस्क लावायला यंत्र मिळेना. मग लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या अभ्यासकांनी जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहून तो मजकूर पुन्हा जिवंत करून दाखवला.

ही गोष्ट नेहमी धडा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात वेगळंच दिसतं. तिथे नाश गाजावाजा करून आला. डिस्क उघडेना, म्हणून बातमी झाली, म्हणून माणसं कामाला लागली. मराठी मजकुराचा नाश फाइल उघडून होतो. फाइल छान उघडते, अक्षरं दिसतात, वाक्यं वाचता येतात, आणि मधेच दरीचा समुद्र झालेला असतो. बातमी व्हावी असं काही घडलेलंच नसतं.

‘समजतंय ना, मग झालं’

या सगळ्यावर एक उत्तर मला हमखास मिळतं. वाचक हुशार असतो. ‘वार्यावर’ वाचलं तरी तो मनात ‘वाऱ्यावर’च वाचतो. संदर्भावरून कळतं.

कळतं, हे खरं आहे. पण कुणाला? ज्याला आधीच मराठी येतं, ज्याने तो शब्द पूर्वी छापील पाहिलाय, आणि जो डोळ्यांनी वाचतोय, त्याला. जो दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडरच्या आवाजावर कादंबरी ऐकतो, त्याच्यासाठी यंत्र जे लिहिलंय तेच उच्चारणार. त्याच्या कानावर ‘वार्यावर’ येतं, पान भरात दहा वेळा येतं. मुखवट्याच्या फॉन्टमधली फाइल तर त्याच्या हाती पडून उपयोगच नाही, कारण त्याचं यंत्र तिथे ई, जे, के, बी, एच वाचतं. या वाचकासाठी युनिकोड म्हणजे सोय नव्हे, दार आहे. आणि दाराची चौकट वाकडी बसवली तर ठेच त्यालाच आधी लागणार.

दुसरा वाचक म्हणजे शोध. कुणी विद्यार्थी एका कवीने ‘वारा’ किती वेळा आणि कशाबरोबर वापरलाय ते पाहायला बसला, तर ‘वाऱ्या’ एका पद्धतीने, ‘वाऱ्या’ दुसऱ्या पद्धतीने आणि ‘वार्या’ असे तीन शब्द त्याच्या यंत्राला वेगळे वाटू शकतात. ‘ॲ’चंही तेच. त्याला स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी कुणी ‘अ’वर चंद्र चढवला, कुणी हिंदीचा ‘ऍ’ वापरला. त्यामुळे आपल्या साठ्यात एकाच अक्षराचे तीन अवतार फिरतायत. शोधून सापडलं नाही म्हणजे कवीने लिहिलंच नाही, असा निष्कर्ष निघायला वेळ लागत नाही.

तिसरा वाचक नवा आहे. आपण ज्याला प्रश्न विचारतो ते एआय हाच मजकूर खाऊन मराठी शिकतं. इंटरनेटवर मराठी मजकूर इंग्रजीच्या मानाने मुळात कमी. त्यात ‘दुसर्या’, ‘तर्हा’ पुरेसे वेळा आले तर यंत्राच्या लेखी तेही मराठीच. मग ते तसं लिहून दाखवेल, ते पुन्हा इंटरनेटवर जाईल. एका तक्त्यातली एक ओळ अशी भाषेत शिरू शकते.

ओळ कुठे मोडली?

आतापर्यंत अक्षरांबद्दल बोलले. कवितेत अक्षराइतकीच त्याची जागाही मजकूर असते.

अरुण कोलटकर जाहिरातीच्या क्षेत्रातले चित्रकार होते, आणि पानाकडे ते कॅनव्हाससारखं पाहायचे. त्यांच्या इंग्रजी ‘जेजुरी’त (१९७६) नाचणाऱ्या कोंबड्यांची कविता आहे. तिथे शब्दच पानावर वरखाली उड्या मारतात. ही कविता फोनच्या रुंदीप्रमाणे ओळी आपोआप मोडणाऱ्या फाइलमध्ये तशीच ओतली, तर सगळ्या कोंबड्या शाळेच्या प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारख्या रांगेत येतील. एकही अक्षर बदललेलं नसेल, आणि कविता गेलेली असेल.

इतकं टोकाचं उदाहरण नको असेल तर साधी मुक्तछंदातली कविता घ्या. लांब ओळ पानात मावली नाही तर छापील पुस्तकात उरलेला तुकडा खाली आत सरकवून लावायची पद्धत आहे. वाचकाला कळतं, ही नवी ओळ नाही. बहुतेक ई-पुस्तकांत तो तुकडा डावीकडून सुरू होतो आणि कवीने मोडलेली ओळ कोणती, फोनने मोडलेली कोणती, हे ओळखायला मार्ग उरत नाही. ओळ कुठे थांबते हा मुक्तछंदाचा जवळजवळ एकुलता एक नियम. तोच पुसला तर आपण कवितेचं परीक्षण करतोय की फोनच्या स्क्रीनचं?

नोंद ठेवा

तक्ते बनवणाऱ्यांवर माझा राग नाही. यातली बरीच साधनं हौशी माणसांनी रात्री जागून बनवली आणि फुकट वाटली. ती नसती तर आपल्याकडे ‘दर्या’सुद्धा नसता, पाच इंग्रजी अक्षरं असती. तक्रार आहे ती तक्त्यातून बाहेर पडलेल्या मजकुराला अंतिम पाठ समजून विकण्याबद्दल.

नीट काम कसं दिसतं याचा एक नमुना मराठीत आहे, आणि तो फुकट पाहता येतो. मराठी विकिस्रोतावर पुस्तकाच्या प्रत्येक पानाचं छायाचित्र आणि टाइप केलेला मजकूर शेजारी असतात. न तपासलेलं पान लाल, एकदा तपासलेलं पिवळं, दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासलं की हिरवं. कुणी कधी काय बदललं ते इतिहासात राहतं. तिथेही चुका आहेत, लाल पानं भरपूर आहेत. पण लाल पान लाल दिसतं. भांडारकरच्या पानाखालच्या बारीक टायपाचं हे आजचं रूप आहे.

व्यावसायिक प्रकाशकाकडे प्रत्येक पान दोनदा तपासायला पैसे नसतात, हे मान्य. मराठी पुस्तकाचा खप मलाही माहीत आहे. पण पाच ओळींना पैसे लागत नाहीत. पाठ कोणत्या आवृत्तीवरून घेतला? मूळ फाइल कोणत्या फॉन्टमध्ये होती? रूपांतर कशाने केलं? लेखन बदललं का, आणि काय? माणसाने वाचून तपासलं का? ‘तपासलेलं नाही’ हेसुद्धा उत्तर चालेल. निदान वाचक सावध राहील. सहावी ओळ वाचकाला दाखवायचीही गरज नाही, फक्त पाळायची आहे: मूळ फाइल, तिचा फॉन्ट आणि छपाईला गेलेली पीडीएफ, तिन्ही एकत्र जपून ठेवायची. उद्या चांगला तक्ता येईल तेव्हा पुन्हा रूपांतर करता येईल. तिन्हीतलं काहीच उरलं नसेल तर कितीही चांगला तक्ता आला तरी उपयोग नाही.

आणि समीक्षकांनी? अनुवादित पुस्तकाचं परीक्षण करताना आपण अनुवादकाचं नाव घेतो, मूळ ताडून पाहतो, निदान पाहिल्यासारखं दाखवतो. फॉन्टमधून फॉन्टमध्ये आणलेलं पुस्तकही एका अर्थी अनुवादितच आहे. भाषा तीच, लिपी तीच, तरीही मधे कुणाचा तरी हात लागलेला. परीक्षणात मुखपृष्ठावर एक परिच्छेद लिहिता येत असेल तर पाठावर दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

तोवर तपासणी वाचकाच्या हातात आहे, आणि तिला पाच मिनिटं लागतात. फोनवरचं कुठलंही मराठी ई-पुस्तक उघडा. शोधाच्या चौकटीत ‘दुसऱ्या’ टाका. मग ‘दुसर्या’ टाका. दुसऱ्या शब्दाला उत्तरं आली तर पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या पत्त्यावर पानाचा फोटो पाठवा आणि नम्रपणे एकच प्रश्न विचारा: मूळ फाइल अजून आहे ना?